राखेतलं पाऊल

मेक्सिकोतल्या ग्वादालाहारात मी सकाळी साडेसहाला उठतो तेव्हा कुडाळच्या पलीकडे आमच्या गावात संध्याकाळचे सहा झालेले असतात. म्हणजे मंडळी चहा पिऊन भांडायला मोकळी. गेल्या महिन्यात एका सकाळी फोन उघडला तर घरच्या ग्रुपवर १४२ मेसेज. विषय राखण.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे सिंधुदुर्गात, तसंच गोव्यात, गावाला किंवा बागायतीला राखणदार असतो. रात्री वाट चुकलेल्याला तो घरापर्यंत पोचवतो, त्याच्या वहाणांची करकर ऐकलेलं कुणी ना कुणी प्रत्येक वाडीत भेटतं. काही ठिकाणी तो नागाच्या रूपात दिसतो म्हणतात. वर्षातून एकदा त्याला कोंबडा आणि नारळ द्यायचा, गाऱ्हाणं घालायचं, याला राखण देणं म्हणतात. आमच्या घरात हे काम आबाकाकांकडे. अंधेरीच्या चुलतभावाने जाहीर केलं की यंदापासून आपण वर्गणी देणार नाही, ही शुद्ध अंधश्रद्धा आहे. आबाकाकांचं उत्तर एका ओळीचं होतं: "तुझ्या पाचशे रुपयांवर राखणदार जगता असा वाटता तुका?"

हे इथेच मिटलं असतं. पण पुण्याच्या आतेबहिणीने एक फॉरवर्ड टाकला. मेक्सिको म्हणजे आपलं पाताळ, माया लोक म्हणजे मयासुराचे वंशज आणि तिथले 'नाग्वाल' नावाचे रक्षक प्राणी म्हणजे दुसरंतिसरं काही नसून आपले नाग. खाली मला टॅग करून लिहिलेलं, "तू तिकडेच आहेस ना दादा, सांग यांना."

आता सांगतो.

'नाग्वाल' हे स्पॅनिश कानाने ऐकलेलं रूप. मूळ शब्द अॅझ्टेकांच्या नावात्ल भाषेतला 'नाहुआल्ली', त्यातला 'व'सारखा उच्चार स्पॅनिश तोंडात जाऊन 'ग्व' झाला. अर्थावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण झाकणं, वेष घेणं, लपणं याच्या आसपास तो फिरतो. सापाला त्या भाषेत 'कोआत्ल' म्हणतात, पिसांच्या सर्पदेवाच्या केत्साल्कोआत्ल या नावात तो आहेच. म्हणजे नागाचा इथे काही संबंध नाही. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला तो 'ग' फारच मोहात पाडून गेला.

माझ्या ऑफिसात शेजारी बसणारा मित्र दक्षिणेकडच्या वाहाका राज्यातल्या डोंगराळ भागातला, घरात झापोतेक ही तिथली जुनी भाषा बोलणारा. पाच वर्षं आम्ही डबे एकत्र खातो. त्याच्या आजीच्या गावी पूर्वी मूल जन्माला आलं की रात्री घराभोवती चुलीतली राख पसरत. सकाळी राखेत ज्या प्राण्याचं पाऊल उमटलेलं दिसेल तो त्या मुलाचा 'तोना'. मूल आणि तो प्राणी एकाच वेळी जन्मले, एकाला ताप आला की दुसराही आजारी, जंगलात त्याला गोळी लागली की घरात हा आडवा. मला हे सांगताना तो ताटलीतलं मीठ टेबलावर भुरभुरवून बोटांनी त्यात ठसे उमटवून दाखवत होता. आधी दोन बोटांचे, मग चारांचे. "असं. मग आजी वाकून बघायची. पुरुषांना बघू द्यायची नाही."

तोना आणि नाहुआल, म्हणजे तो फॉरवर्डमधला नाग्वाल, एकच नव्हे, आणि हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. तोना सगळ्यांना असतो. शब्द आला 'तोनाल्ली'वरून, त्यात सूर्याची ऊब, दिवस आणि नशीब एकत्र नांदतात. इथल्या जुन्या पंचांगात २० दिवसचिन्हं आणि १३ अंक, मिळून २६० दिवसांचं चक्र, आणि जन्मदिवशी जे चिन्ह आलं ते माणसाला चिकटलं. मगर, हरीण, ससा, कुत्रा, माकड, जग्वार, गरुड अशी त्यातली बरीचशी चिन्हं प्राण्यांची. नाहुआल मात्र सगळ्यांना जमत नाही. जो स्वतः प्राण्याचं रूप घेऊ शकतो तो नाहुआल. तेस्कात्लिपोका देव जग्वार होतो, तो देव आहे म्हणून. गावातला माणूस रात्री कुत्रा होऊन शेजाऱ्याच्या कोंबड्या पळवतो, तो चेटक्या आहे म्हणून. ग्वातेमालात पुन्हा निराळंच, तिथे किचे लोक जन्मदिवसाच्या सोबत्यालाच 'नावाल' म्हणतात. शब्द प्रदेशागणिक सरकतात, आपल्याकडे देवचार आणि राखणदार सरकतात तसे.

आपल्याकडे जवळचं काही असेल तर देवक. पण ते अख्ख्या कुळाचं, कदंबाचं नाहीतर रुईचं, आणि आठवण येते ती लग्नात. तोना एकेका जिवाचा. मेक्सिकोच्याच चियापास राज्यातल्या सिनाकान्तान गावच्या त्सोत्सिल लोकांनी तर या एकेकांची सोयच करून ठेवली आहे. गावाशेजारच्या मोठ्या डोंगराच्या पोटात चार कुंपणं आहेत. एकात जग्वार, दुसऱ्यात कोयोटे, तिसऱ्यात ओसेलॉट नावाची ठिपक्यांची रानमांजरं, चौथ्यात खारी आणि ऑपोसमसारखी किरकोळ जनावरं. पूर्वजदेव त्यांना दाणापाणी करतात. माणूस खाली दांडगाईने वागला की वर त्याच्या जनावराला कुंपणाबाहेर सोडून देतात. मग ते रानात भटकतं आणि खाली माणूस अंथरूण धरतो. बरा व्हायचं तर विधी करून, माफी मागून जनावर परत आत घ्यायला लावायचं. मला यात सगळ्यात आवडते ती खारींची सोय. सगळेच काही जग्वार नसतात हे इतक्या सरळपणे मान्य करणारी श्रद्धा मी दुसरी पाहिली नाही. आमच्या ग्रुपवर प्रत्येकाचा पूर्वज सरदार होता.

अंधेरीच्या भावाचं म्हणणं मात्र मी झटकून टाकणार नाही. या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती गोड नाही. थॉमस गेज नावाचा इंग्रज डॉमिनिकन पाद्री सतराव्या शतकात ग्वातेमालात होता, त्याचं प्रवासवर्णन १६४८ मध्ये छापलं गेलं. त्यात पिनोला गावचा हुआन गोमेस नावाचा प्रतिष्ठित म्हातारा आहे. तो जखमी होऊन घरी येतो आणि मरतो. गेज त्याला चर्चमध्ये मानाने पुरतो. नंतर कळतं की गावाच्या मते गोमेस सिंह होऊन आणि सेबास्तियान लोपेस वाघ होऊन डोंगरात झुंजले होते. लोपेस कोठडीत. म्हणजे एक म्हातारा मेला, आणि त्याचा खुलासा म्हणून दुसरा माणूस गजाआड गेला. चियापासच्या नुन्येस दे ला वेगा या बिशपने तर १७०२ मध्ये धर्मप्रांताच्या नियमांतच या नाहुआलवाल्यांविरुद्ध मोहीम छापली. चर्चला ही सैतानाची करणी वाटत होती, म्हणजे श्रद्धा त्याचीही होतीच, फक्त बाजू उलटी.

हे वाचताना मला नंदुरबारकडच्या डाकीण प्रथेची आठवण आली. बाईवर बोट ठेवायचं, आजारपणाचं खापर तिच्यावर फोडायचं, मारहाण करायची. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा, दाभोलकरांच्या खुनानंतर आलेला. त्याच्या अनुसूचीत एक बारकावा आहे. अमुक माणूस मंत्रतंत्राने जनावरांचं दूध आटवतो असं जाहीर करणं हा गुन्हा आहे. मुंबईत बसून हसू येईल, पण ज्याने गाव पाहिलं आहे त्याला हे वाक्य कुणी कशासाठी लिहिलं ते बरोबर कळतं. कायद्याचा राग बोट दाखवण्यावर आहे. आबाकाकांच्या गाऱ्हाण्यावर तो उगारता येत नाही.

म्हणून माझं ग्रुपवरचं मत असं होतं: राखण ही तोनाच्या खात्यातली गोष्ट, डाकीण नाहुआलच्या. एकीत माणूस स्वतःला कशाशी तरी बांधून घेतो, दुसरीत शेजाऱ्याला. अंधेरीवाल्याने दोन्ही एकाच पोत्यात भरली. कोंबड्याचा प्रश्न वेगळा आहे, तो कोंबड्याच्या बाजूने विचारला तर मी त्याच्याबरोबर आहे. पण मग रविवारच्या वडे-सागोतीलाही विचारावा लागेल आणि तिथे त्याचा मेसेज कधी येत नाही.

आणि पुण्याच्या बहिणीला एवढंच, की सगळं आपल्याकडून गेलं असं म्हटलं की समोरच्याचं ऐकायची गरजच संपते. हा मोह इथेही आहे, फक्त त्याला दुकानाची पाटी असते. वाहाकाजवळच्या एका गावात आम्ही लाकडी रंगीत प्राणी घ्यायला गेलो होतो. कोपालच्या लाकडाचे, ठिपक्या-ठिपक्यांचे, दोन हात लांब सरड्याला पंख वगैरे. दुकानातल्या मुलीने माझ्या मुलीची जन्मतारीख विचारली, भिंतीवरचा तक्ता बघितला आणि तिचा तोना कासव निघाला. कासव लगेच शेल्फवर होतंच. पैसे दिले, मुलगी खूश. या रंगीत प्राण्यांना आलेब्रिहे म्हणतात आणि हजारो वर्षांची परंपरा म्हणून पर्यटक ते उचलतात. खरं तर ते १९३६ मध्ये मेक्सिको सिटीत पेद्रो लिनारेस या कागदाच्या लगद्याच्या कारागिराने आजारपणात पाहिलेल्या स्वप्नातून आले, लाकडात उतरले ते त्याहून नंतर. २०१७ च्या एका अमेरिकी अॅनिमेशनपटाने त्यांना मृतांचे वाटाडे प्राणी करून टाकलं, आता मेक्सिकन मुलंही तसंच सांगतात.

सरकारचा मात्र एक नेम चांगला लागला आहे. इथल्या ५० पेसोंच्या नोटेवर २०२१ पासून आहोलोते आहे, सोचिमिल्कोच्या कालव्यांतला तो गुलाबी कल्ल्यांचा, कायम पोरवयात राहणारा जलचर. अॅझ्टेकांच्या पुराणात शोलोत्ल देव आपला बळी जायला नको म्हणून पळाला. आधी मक्याचं जुळं ताट झाला, मग जुळं घायपात, शेवटी पाण्यात शिरून आहोलोते. तिथे सापडला आणि मारला गेला. रूपं बदलून बदलून देव जिथे लपला तो प्राणी आज जंगली अवस्थेत नामशेष व्हायला आलेला आहे आणि लोक ती नोट खर्च न करता पाकिटात जपतात. माझ्याही पाकिटात एक आहे.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, जरा कमी लांबीत. बहिणीने हात जोडलेली इमोजी टाकली, त्यातून काही कळलं नाही. भाऊ म्हणाला, तू तिकडे जाऊन मवाळ झालास. असेल. परदेशात बसून गावच्या राखणदाराबद्दल हळवं होणं स्वस्त पडतं, त्याच्यासाठी पावसात डोंगर चढावा लागत नाही. पाचशे रुपये मी पाठवले.

रात्री आबाकाकांचा फोन आला. त्यांना नाहुआल, बिशप, कायदा कशातच रस नव्हता. म्हणाले, "ता सगळा रव्हांदे. तुझ्या त्या दोस्ताच्या राखेत काय उठलेला?"

मी हे मित्राला एकदा विचारलं होतं. तो मीठ तळहाताने गोळा करत म्हणाला होता, "हे आजीला ठाऊक होतं आणि आता मला ठाऊक आहे." रिगोबेर्ता मेंचू, ग्वातेमालाची किचे बाई, १९९२ ची शांततेची नोबेलवाली, जगाला आपलं अख्खं आयुष्य सांगून बसली, पण स्वतःचा नावाल तिनेही सांगितला नाही.

"सांगत नाही तो," मी म्हटलं.

"शाणो आसा," आबाकाका म्हणाले आणि पावसाचं विचारू लागले.