'जितकं लहान आणाल तितकं ते तुमचं' : पिल्लाच्या त्या मेसेजबद्दल

कुणाच्या घरी कुत्र्याचं पिल्लू येणार असं कळलं की दोन दिवसांत त्यांच्या फोनवर तो मेसेज येऊन पडतोच. त्यात साधारण असं असतं की पिल्लू महिन्याभराचं असतानाच आणा, जितकं लहान आणाल तितकं ते तुमचं होईल, दूध पाजा, कॅल्शियम चालू करा, पहिल्या रात्रीपासून वेगळं झोपवा आणि रडलं तरी जाऊ नका, घरात सू केली तर नाक त्यात घासा, मालक कोण ते पहिल्याच आठवड्यात दाखवून द्या, सगळ्या लसी होईपर्यंत घराबाहेर काढू नका, घराची वेगळी तयारी काही लागत नाही एक वाटी आणि एक पट्टा पुरे, आणि शेवटी, दात लागले तर घाबरू नका, लहान पिल्लाला रेबीज नसतो.

लोक हे प्रेमापोटीच पाठवतात, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण यातलं एक वाक्य अर्धं बरोबर आहे आणि बाकी सगळ्यांनी पिल्लाला त्रास होतो, काहींनी तर जीवही जाऊ शकतो. मला यात सगळ्यात खटकतं ते हे की लिहिणाऱ्याने पिल्लाचं वय कुठेच बघितलेलं नाही. पिल्लाचं वय आठवड्यांत मोजायचं असतं, चौथ्या आठवड्यात त्याला जे झेपत नाही ते दहाव्यात झेपतं, आणि दहाव्यात जे शिकायचं ते विसाव्यात शिकवायला गेलात तर फार जड जातं.

पहिलं वाक्यच घ्या, महिन्याभराचं असताना आणा. चार आठवड्यांचं पिल्लू अजून आईचं दूध पित असतं, मऊ खाणं नुकतं कुठे तोंडाला लागलेलं असतं, आणि पूर्ण दूध सुटायला सातवा-आठवा आठवडा उजाडतो. या मधल्या दिवसांत ते भावंडांशी मस्ती करत असतं आणि तीच त्याची शाळा, कारण जोरात चावलं की भावंडं ओरडतात आणि खेळ बंद होतो, आई गुरगुरते, आणि किती जोरात चावायचं नाही हे त्यातून कळतं. हे न शिकता आलेलं पिल्लू पुढे घरातल्यांचे हात-पाय फोडतं आणि मग लोक म्हणतात स्वभावानेच वाईट आहे. म्हणून किमान ८ आठवडे आईजवळ. आणि लळ्याचं म्हणाल तर आठ आठवड्यांनंतर आलेलं पिल्लूही तितकंच जीव लावतं, माणसांशी नातं जुळायचा काळ तेव्हा चांगला उघडा असतो (त्यावर खाली सविस्तर लिहिलंय). देणारा माणूस चार आठवड्यांचं पिल्लू घेऊन जा म्हणत असेल तर घाई त्याला आहे, पिल्लाला नाही. अनाथ सापडलेलं पिल्लू ही वेगळी गोष्ट, तिथे पर्याय नसतो, तेव्हा लगेच प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

दुधाचं तर थोडक्यात संपतं. दूध पचवणारं लॅक्टेज हे एन्झाइम दूध सुटलं की पिल्लाच्या पोटात कमी होत जातं, म्हणून गाईचं दूध दिलं की बऱ्याच पिल्लांना जुलाब लागतात, आणि एवढ्याशा जिवाला जुलाब म्हणजे अंगातलं पाणी भराभर कमी होणं. अजून दुधावर असलेल्या अनाथ पिल्लालासुद्धा गाईचं दूध पुरत नाही, कारण कुत्रीच्या दुधात प्रोटीन आणि फॅट दोन्ही गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त असतं. पिल्लांसाठी वेगळी दूध पावडर मिळते ती द्या, आणि पाजताना पिल्लाला माणसाच्या बाळासारखं उताणं धरू नका, पोटावरच ठेवा, नाहीतर दूध फुफ्फुसात जातं. आठ आठवड्यांच्या पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा पपी फूड आणि सतत स्वच्छ पाणी, बस. आधीच्या घरी जे खात होतं तेच पहिले काही दिवस चालू ठेवा, बदलायचं असेल तर आठवडाभरात हळूहळू मिसळत बदला.

कॅल्शियमवर मात्र मला जरा थांबायचंय, कारण हे नुकसान लोक पैसे खर्च करून करतात. आपला समज असा की जास्त झालं तर शरीर बाहेर टाकेल. मोठं कुत्रं तसं बऱ्यापैकी करतं, पण साधारण सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला आतड्यातून किती कॅल्शियम घ्यायचं यावर नीट ताबा ठेवता येत नाही, जेवढं पोटात जातं त्यातलं बरंच अंगात उतरतं. नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट विद्यापीठात १९८०च्या दशकात ग्रेट डेनच्या पिल्लांवर यावर काम झालं आणि जादा कॅल्शियम मिळालेल्या पिल्लांची हाडं आणि सांधे बिघडलेले दिसले. म्हणजे ज्या मोठ्या जातींना, लॅब, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन, लोक आवर्जून कॅल्शियम पाजतात त्यांनाच त्याचा धोका सगळ्यात जास्त. आणि ते कान उभे राहण्यासाठी कॅल्शियम देणं तर बंदच करा, कानात हाड नसतं, कूर्चा असते, आणि दात येण्याच्या दिवसांत कान कधी उभे कधी पडलेले हे चालतंच. एक गोष्ट खरी आहे की पिल्लाला नुसतं मांस किंवा नुसतं घरचं कायतरी खाऊ घातलं तर कॅल्शियम खरोखर कमी पडतं, पण त्यावर उपाय अंदाजे बाटली ओतणं हा नाही, वाढीच्या वयासाठीचं पूर्ण खाद्य द्या, मोठी जात असेल तर पाकिटावर तसं लिहिलेलं बघून घ्या, किंवा डॉक्टरांकडून घरच्या जेवणाचं प्रमाण ठरवून घ्या.

आता रात्र. 'रडू द्या, दोन दिवसांत गप्प होईल.' होतं गप्प, पण कशामुळे? कालपर्यंत ते भावंडांच्या ढिगात उबेला झोपत होतं, आज एकटं अंधाऱ्या खोलीत, आणि ओरडलं तरी कुणी येत नाही एवढं त्याला कळलं. हे शिकलेल्या पिल्लाला पुढे एकटं ठेवलं की घाबरायची सवय लागू शकते. पहिले काही आठवडे त्याचं अंथरूण किंवा बॉक्स तुमच्या पलंगाशेजारी ठेवा, हात खाली सोडला तर वास येईल इतक्या जवळ, मग हळूहळू जिथे हवं तिथे सरकवत न्या. शिवाय रात्रीचं रडणं बऱ्याचदा सू लागल्याचं असतं! अशा वेळी उचलून सूच्या जागेवर न्या, लाईट मोठा करू नका, खेळू नका, झालं की परत झोपवा. यात लाडावण्यासारखं काहीच नाही.

नाक घासण्याने नक्की काय शिकवलं जातं ते बघा. ढोबळ हिशोब असा की जितके महिने वय, त्यात एक मिळवा, जास्तीत जास्त तेवढे तास ते धरू शकतं, म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू फार तर तीन तास आणि खेळात असेल तर तेवढंही नाही. अशा जिवाला सू झाल्यानंतर दहा मिनिटांनी धरून नाक घासलं तर त्याला मागची सू आणि आत्ताची शिक्षा यांचा संबंध लागतच नाही. त्याला एवढंच कळतं की माणसासमोर सू केली की माणूस बिथरतो, मग ते सोफ्यामागे जाऊन करतं आणि बाहेर तुमच्यासमोर करायलाही घाबरतं, आणि तुम्ही म्हणता तासभर फिरवलं तरी घरी येऊनच करतो. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर लगेच ठरलेल्या जागी न्यायचं, तिथे झालं की त्याच क्षणी शाबासकी आणि खाऊ. घरात झालीच तर काही न बोलता पुसायचं, आणि पुसायला एन्झाइमवालं क्लीनर वापरायचं, अमोनियावालं नको कारण त्याचा वास पिल्लाला सूसारखाच वाटू शकतो आणि ते परत तिथेच जातं.

'मालक कोण ते दाखवून द्या', म्हणजे उताणं पाडून मानेला धरून दाबा. हे आलंय लांडग्यांवरून. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये प्राणीसंग्रहालयातल्या, एकत्र कोंडलेल्या लांडग्यांच्या भांडणांवर लिहिलं, पुढे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७०च्या पुस्तकामुळे 'अल्फा', म्हणजे भांडून कळपाचा म्होरक्या झालेला, हा शब्द सगळीकडे गेला, आणि त्याच मेक यांनी जंगलातले लांडगे वर्षानुवर्षं बघून १९९९ मध्ये लिहिलं की कळप म्हणजे मुळात आईबाप आणि त्यांची पोरं, पहिल्या नंबरासाठी रोजची मारामारी वगैरे तिथे नसते. लांडग्यांबद्दलच जे टिकलं नाही ते आपण दोन महिन्यांच्या पिल्लावर कशाला करायचं? पिल्लू चावतं कारण दात शिवशिवतात, २८ दुधाचे दात पडून ४२ पक्के येईपर्यंत, म्हणजे सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत, हे चालणारच. चावायला खेळणं द्या, हाताला लागलं की खेळ थांबवा.

अर्धं बरोबर वाक्य ते लसींचं. पार्व्हो हा विषाणू १९७८च्या सुमारास जगभर पसरला आणि आजही पिल्लं त्याने मरतात, रक्ताचे जुलाब, उलट्या, आणि काही दिवसांत खेळ खलास. तो जमिनीत महिनोन् महिने टिकतो, साध्या फरशी पुसायच्या लिक्विडने जाईल याचा भरवसा नाही, पाणी मिसळलेलं ब्लीच लागतं, म्हणून तुमच्या घरात आधी पार्व्होने आजारी कुत्रं होतं तर नवीन पिल्लू आणायच्या आधी डॉक्टरांना विचारा. लसही एकदा देऊन भागत नाही, कारण आईकडून आलेल्या अँटीबॉडीज लसीला निकामी करतात आणि त्या कुठल्या पिल्लात कधी संपतील सांगता येत नाही. म्हणून ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू करून दर दोन ते चार आठवड्यांनी, १६ आठवड्यांचं होईपर्यंत किंवा त्याच्या थोडं पुढे डोस द्यावे लागतात. शेवटचा डोस चुकवतात लोक, आणि बऱ्याचदा तोच कामाला येणार असतो.

पण मग सोळा आठवडे घरात कोंडायचं का? तर नाही, कारण पिल्लाचं मन जगाला घाबरायचं की नाही हे साधारण तिसऱ्या ते बारा-चौदाव्या आठवड्यातच ठरवून टाकतं. १९६१ मध्ये फ्रीडमन, किंग आणि इलियट यांचा प्रयोग छापून आला, त्यात १४ आठवड्यांपर्यंत माणसाचा सहवासच न मिळालेली पिल्लं पुढे माणसाजवळ यायला तयार नव्हती, रानटी जनावरासारखी वागत होती. अमेरिकेतल्या प्राणी-वर्तनाच्या डॉक्टरांच्या संघटनेने २००८ मध्ये पत्रक काढून सांगितलं की पहिली लस आणि जंताचं औषध होऊन किमान सात दिवस झाले असतील तर सात-आठ आठवड्यांच्या पिल्लाला स्वच्छ जागेतल्या पपी क्लासला न्यायला हरकत नाही, आणि तीन वर्षांखालच्या कुत्र्यांचे जीव रोगांपेक्षा वागणुकीच्या प्रॉब्लेम्समुळे जास्त जातात, म्हणजे ती सोडून दिली जातात किंवा मारली जातात. तर मधला रस्ता असा, अनोळखी कुत्री फिरतात तिथे पिल्लाला जमिनीवर सोडू नका, पण कडेवर घेऊन रोज बाहेर न्या, गाड्यांचे आवाज, हेल्मेट घातलेला माणूस, उघडणारी छत्री, काठी घेऊन चालणारे आजोबा, पळणारी मुलं, हे सगळं लांबून बघू दे आणि बघताना तोंडात खाऊ दे. घाबरलं तर अजून लांब जा, जबरदस्तीने जवळ नेऊ नका. लसी पूर्ण झालेलं मित्राचं शांत कुत्रं घरी बोलवा. आजूबाजूला पार्व्होची साथ चालू असेल तर किती बाहेर काढायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

वाटी आणि पट्टा पुरे? पिल्लू यायच्या आधी एकदा घरात जमिनीवर बसा आणि तिथून बघा. चार्जरच्या वायरी, सोफ्याखालचे सेल, मोजे, कचऱ्याचा डबा, गॅलरीच्या ग्रिलमधलं अंतर. पर्समधलं शुगर-फ्री च्युइंगम, त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असेल तर कुत्र्याची साखर एकदम पडते आणि लिव्हरही जाऊ शकतं. चॉकलेट, द्राक्षं-बेदाणे, कांदा-लसूण (जंत पडायला लसूण खाऊ घालणारे मेसेज वेगळे फिरतात, त्याने जंत जात नाहीत पण रक्तातल्या लाल पेशी फुटू शकतात), उंदराचं औषध, आपल्या डोकेदुखीच्या गोळ्या, आणि कुंडीतला सायकस, जो दिसायला शोभिवंत पण कुत्र्यासाठी भयंकर विषारी आहे. यातलं काहीही पोटात गेलं तर लक्षणं दिसायची वाट बघू नका, आपल्या मनाने मीठ वगैरे पाजून उलटी काढू नका, पाकीट हातात घेऊन डॉक्टरांकडे पळा. गुळगुळीत फरशीवर चटया टाका, नाहीतर पाय फाकत राहतात. आणि दार लावता येईल असा एक कोपरा किंवा प्लेपेन (पिल्लासाठीचं जाळीचं कुंपण) ठेवा जिथे त्याला कुणी उठवणार नाही, या वयात दिवसाचे १८-२० तास झोप लागते आणि आलेल्या पाहुण्यांना दाखवायला दर अर्ध्या तासाने उठवलेलं पिल्लू चिडचिडं आणि चावरं होणारच. मुलांना हे आधी सांगून ठेवा. जंताचं औषधही वेळेवर, कारण गोल जंत आईच्या पोटातूनच पिल्लात येतात आणि ते माणसांच्या मुलांनाही होऊ शकतात.

आणि ते शेवटचं, लहान पिल्लाला रेबीज नसतो. हे धडधडीत खोटं आहे आणि एकदा लक्षणं सुरू झाली की रेबीजमधून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून हे वाक्य पुढे पाठवणं ताबडतोब थांबवा. पिल्लालाही रेबीज होतो आणि त्याच्या चाव्यातून, जखमेवर लाळ लागण्यातूनही तो माणसाला होतो. लस न झालेल्या किंवा कुठून आलं माहीत नसलेल्या पिल्लाचा दात लागून कातडी फुटली, नुसतं खरचटलं तरी, साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं जखम धुवा, नंतर त्यावर हळद, तेल, मलम काही लावत बसू नका, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या इंजेक्शनांचं विचारा. पिल्लाला ही लस साधारण १२ आठवड्यांच्या पुढे देतात, त्याची तारीख डॉक्टरांकडून पहिल्याच भेटीत कार्डावर लिहून घ्या.