तिसरीतला पीसी

आमचा पीसी २०१३ सालचा. थर्ड जनरेशन आय-थ्री प्रोसेसर, चार जीबी रॅम आणि कॅबिनेटवर दसऱ्याला काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक. बाबा रात्री न चुकता भिंतीवरचं बटण बंद करतात आणि महिनाभर झालं, सकाळी हा उठला की तारीख दाखवायचा १ जानेवारी २०१२, म्हणजे आमच्या घरी यायच्याही आधीची! मग बँकेची साईट उघडायला गेलं की ब्राऊझर म्हणणार, तुमचं घड्याळ मागे आहे. अरे हो, पण हप्ता आजचाच आहे ना.

म्हटलं आता नवाच घेऊ. बायको लगेच हो म्हणाली, तिथेच मला संशय यायला हवा होता, कारण त्या टेबलावर तिला शिलाई मशीन ठेवायचंय. बाबा पेपरमागून म्हणाले, "आधी रबर मारून बघ." २०१६ साली एकदा रॅम काढून खोडरबराने घासल्यावर हा बरा झाला होता, तेव्हापासून आमच्याकडे सगळ्या दुखण्यावर तेच औषध. घासली. तर डिस्प्लेच गायब, नुसतं बीप बीप.

मग काय, कॅबिनेट स्कूटरवर पायाशी ठेवून पुण्यातली तपकीर गल्ली, कॉम्प्युटरच्या दुकानांची. तिथे माणसाला उभं राहायला जागा नाही, त्यात मी कडेवर हे बाळ घेऊन. दुकानातल्या पोराने रॅम अंगठ्याने दाबली, टक्, चालू! तुम्ही नीट बसवलीच नव्हती म्हणाला. मग बोर्डावरचा, वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा, बटणाएवढा २०३२ चा सेल बदलला, तीस रुपये, तारखेचं दुखणं संपलं. इथे मी निघायला हवं होतं. पण मी विचारलं, "अजून काही करायला हवंय का?"

झालं. जुन्या हार्ड डिस्कऐवजी वेगवान एसएसडी टाका, रॉकेट होईल. रॅम आठ करा. एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, पण आवाज करतोय. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला, बिल चार हजार दोनशे. पैसे दिल्यावर सुचलं, "यावर विंडोज इलेव्हन चालेल ना? टेनचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ लाच संपला म्हणे."

पोरगा हसला. "सर, त्याला आठवी जनरेशन लागते, हा तिसरीत आहे."

घरी आणून लावला. वीस सेकंदात चालू, तारीख पण आजची. बायकोने टेबलावरची मेजरिंग टेप गुपचूप गुंडाळली. बाबा खुर्ची ओढून बसले, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, "बघ, म्हटलं नव्हतं? रबर मारलं की चालतो."