वेव्हडॅशला वेगवान बोटं लागत नाहीत

'सुपर स्मॅश ब्रदर्स मेले' हा निन्टेन्डोचा मारामारीचा व्हिडिओ गेम शिकायला घेतला की कुणीतरी हमखास ऐकवतं: "वेव्हडॅश हा गेममधला बग आहे, त्याला मुळातच वेगवान बोटं लागतात, आणि तो पक्का जमेपर्यंत मॅच खेळण्यात अर्थ नाही." हे ऐकून कंट्रोलर कायमचा बाजूला ठेवणारे मी पाहिलेत. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

बगचं आधी उरकू. उडी मारायची आणि लगेच तिरका, जमिनीच्या दिशेने एअर डॉज करायचा, म्हणजे हवेतच अंग चुकवायचं. डॉजचा वेग जमिनीला टेकल्यावरही उरतो आणि कॅरेक्टर उभ्या उभ्या घसरतं. वेव्हडॅश तो एवढाच. गेम आला 2001 मध्ये. त्याचे दिग्दर्शक मासाहिरो साकुराई यांनी 2008 मध्ये 'निन्टेन्डो पॉवर' मासिकाला सांगितलं, की गेम तयार होत असतानाच हे लक्षात आलं होतं. माहीत असून राहू दिलेल्या गोष्टीला बग कसं म्हणायचं?

आता बोटांचा वेग. खरं नुकसान याच समजुतीने होतं. गेम सेकंदाला 60 फ्रेमने, म्हणजे 60 चित्रांनी चालतो. उडीचं बटण दाबलं तरी कॅरेक्टर लगेच जमीन सोडत नाही, आधी गुडघे वाकवतं. फॉक्स या कॅरेक्टरला त्यात 3 फ्रेम जातात, मार्थला 4, बाउजरला तब्बल 8. पाय सुटल्याशिवाय एअर डॉज होतच नाही. म्हणजे डॉजचं बटण लवकर दाबायचं नसतं, वेळेवर दाबायचं असतं. फॉक्सवर हात बसल्यावर मी बाउजर घेतला आणि एकही वेव्हडॅश लागेना. बोटं तीच होती, पण त्याचे पाय सुटायच्या आतच मी बटण दाबून मोकळा होत होतो.

चूक ओळखणंही सोपं आहे. कॅरेक्टर नुसतंच उडालं, तर घाई झाली. हवेत अंग चुकवून मग खाली आलं, तर उशीर झाला. आणि एखाद्या फ्रेमचा उशीर झाला म्हणून सगळं फुकट जात नाही. स्टिक पुरेशी खाली असेल तर तेव्हाही घसरता येतं, फक्त जरा उशिरा. एल-कॅन्सलला (हवेतून वार करत उतरताना बटण दाबून लवकर सावरण्याची युक्ती) तर जमिनीवर टेकण्याआधी 7 फ्रेमची सवलत असते, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त. हे कुणाच्याही हाताला जमण्यासारखं आहे.

"जमेपर्यंत मॅच नाही" हे मला सगळ्यात खटकतं. 2016 ची ईव्हो ही मारामारीच्या गेम्सची मोठी स्पर्धा हंग्रीबॉक्स नावाच्या खेळाडूने जिग्लीपफ हे कॅरेक्टर घेऊन जिंकली, अंतिम सामन्यात आर्माडा या खेळाडूला हरवून. जिग्लीपफचं बळ हवेत मागेपुढे सरकण्यात आहे, वेव्हडॅश तिच्या फारसा कामाचा नाही. उलट लुईजी जमिनीवर इतका घसरतो की त्याचा खेळच वेव्हडॅशवर उभा आहे. कुठल्या कॅरेक्टरला काय लागतं, हे एकट्याने बटणं घोटून कळत नाही, त्याला समोर माणूस लागतो.

वेव्हडॅश कशासाठी, तेही मॅचमध्येच उमगतं. समोरचा ग्रॅब करायला, म्हणजे तुम्हाला पकडायला धावून आला आणि तुम्ही नुसते मागे पळालात, तर त्याच्याकडे पाठ होते. मागे वेव्हडॅश केलात, तर तोंड त्याच्याकडेच राहतं. त्याचा ग्रॅब हवेत जातो, तो सावरतोय तोवर तुम्ही उभे असता आणि घसरता घसरताच स्मॅश, म्हणजे जोरदार फटका मारू शकता. टेकल्यानंतरच्या 10 फ्रेम मात्र हात बांधलेले असतात, त्यामुळे तो अगदी जवळ आल्यावर केलात तर मार खाल. किती अंतरावर करायचा, हे असा मार दोन-चारदा खाल्ल्यावर डोळ्यांना दिसायला लागतं.