मिक्सरच्या मोटरवर गारगोट्या चमकत नाहीत

महिनाभरात एकच मेसेज मला चार जणांनी पाठवला. चौथा भाचा, जुळे सोलापुरातला. खाली त्याचा प्रश्न: "मामा, करू का?" मेसेज थोडक्यात असा: रॉक टंबलर विकत घेणं म्हणजे पैशांची माती. जुन्या मिक्सरची मोटर, पाइपचा तुकडा आणि नदीची वाळू घ्या. भीमेतले कुठलेही गोटे आत टाका. दोन दिवसांत काचेसारखे होतात, वीज नावाला लागते आणि एकेक खडा हजाराला जातो.

ज्यांना टंबलर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आडवा फिरणारा डबा, त्यात दगड, पाणी आणि घासायची पावडर. दगड एकमेकांवर घसरत राहतात आणि गुळगुळीत होतात. यंत्र एवढंच. माझा धंदा मोटर रिवाइंडिंगचा आणि नाद दगडांचा, त्यामुळे या मेसेजने माझी दोन्ही दुखणी एकदम चाळवली.

मोटरीपासून सुरू करतो. घरातला मिक्सर उलटा करून पट्टी वाचा. बहुतेकांवर ३० मिनिटांचं रेटिंग असतं. मिनिटाला हजारो फेरे मारायचे, चटणी वाटायची आणि थंड व्हायचं, यासाठी ती बनलेली असते. टंबलर दिवसरात्र चालतो, तोही आठवडेच्या आठवडे. मिक्सरची मोटर तेवढी चालवली तर कार्बन झिजतील, वाइंडिंग जळेल आणि ती माझ्याच टेबलावर येईल. धंद्याच्या दृष्टीने माझी काही तक्रार नाही.

शिवाय डब्याला वेग नकोच असतो. ६ इंची डबा मिनिटाला ११० च्या आसपास फिरला की दगड भिंतीला चिकटून गोल गोल जातात, एकमेकांवर पडतच नाहीत. खरं काम त्याच्या निम्म्याला थोडं वर, म्हणजे ५५–६० फेऱ्यांना होतं. तेवढ्यात दगडांचा वरचा थर सावकाश खाली घसरत राहतो. कान लावला की सळसळ ऐकू येते. धाडधाड आवाज आला तर दगड फुटताहेत असं समजावं.

सोलापुरात आल्यावर मेसेजला एक शेपूटही फुटलंय: मिक्सर नको, भंगारातून यंत्रमागाची मोटर उचला. मागाची मोटर दणकट, यात वाद नाही. आमच्या पूर्व भागात अशा मोटरी वर्षानुवर्षं चालल्यात. पण त्यातल्या बऱ्याच थ्री-फेज, म्हणजे कारखान्याच्या तीन फेजच्या लाइनवर चालणाऱ्या, घरच्या लाइनवर नुसती वायर जोडून चालायच्या नाहीत. आणि १ एचपी म्हणजे ७४६ वॉट. हलक्या ओझ्याला ती कमी खेचते हे खरं, पण चौथा हिस्सा धरला तरी २८ दिवसांत १२५ युनिट होतात. ४० वॉटचा छोटा टंबलर तेवढ्याच दिवसांत २७ युनिट घेतो. युनिटला ८ रुपये धरले तर एकीकडे हजार, दुसरीकडे सव्वादोनशे. म्हणजे फुकटातली मोटर दर महिन्याला जवळपास ८०० रुपये जास्त मागते. मेसेजमधली 'नावाला वीज' ती हीच.

घरीच बनवायचं असेल तर कूलरच्या पंख्याची मोटर बरी. १४०० फेऱ्यांची असेल तर तिच्यावर २ इंची पुली आणि डबा ज्यावर टेकून फिरतो त्या शाफ्टवर ८ इंची, म्हणजे शाफ्ट ३५० वर येतो. १ इंची शाफ्टवर ६ इंची डबा ठेवला की डबा ५८ च्या आसपास फिरतो. फक्त पंख्याची पाती पूर्ण काढू नका, छोटा पंखा तरी राहू द्या, कारण ही मोटर स्वतःच्याच वाऱ्यावर थंड राहते. मे महिन्यात सोलापुरात पत्र्याखाली ती बिनवाऱ्याची चालवली तर पुढचं मी सांगायला नको.

आता वाळू, म्हणजे मेसेजमधली सगळ्यात महागात पडणारी चूक. वाळूतला कठीण कण म्हणजे गारगोटीचाच चुरा. कठीणपणाच्या मोहस मापावर गारगोटी ७, अकीक (अॅगेट) साडेसहा ते ७. तोडीस तोड असल्यावर घासणार कोण कोणाला? त्यात नदीने कण आधीच गोल केलेले. सिलिकॉन कार्बाइड, ज्याला दुकानात कार्बोरंडम म्हणतात, ते त्याच मापावर ९ च्या वर. आणि त्याचा कण फुटला की नवीन धार निघते, म्हणून ते आठवडाभर कापत राहतं. मी पहिल्या वर्षी हट्टाने वाळू वापरून पाहिली. दहा दिवसांनी डबा उघडला तर दगड जसेच्या तसे, डब्याचं प्लास्टिक मात्र छान घासलेलं. इंजिनचे व्हॉल्व्ह घासायची पेस्टही आणू नका. तिच्यात ग्रीस असतं, दगडाला नुसता चिकटा बसतो.

पावडर चार टप्प्यांत लागते. आधी ६०/९० नंबरची भरड, मग १२०/२२०, मग ५०० च्या आसपासची बारीक, शेवटी पॉलिशला अॅल्युमिनियम ऑक्साइड. दीडेक किलोच्या डब्याला प्रत्येक वेळी चार मोठे चमचे. एकेका टप्प्याला साधारण आठवडा, म्हणजे महिना गेला. अकीक असेल तर भरड टप्पा बहुतेक वेळा दोनदा करावा लागतो. 'दोन दिवसांत' म्हणणाऱ्याने बहुधा ओल्या दगडाचा फोटो काढलाय. ओला असला की रस्त्यावरचा खडाही चमकतो.

'कुठलेही गोटे' हे तर मुळीच खरं नाही. आपला सगळा भाग काळ्या बेसाल्टचा. त्याला बारीक भोकं असतात. त्या भोकांत भरड पावडर अडकते, पॉलिशच्या आठवड्यात एकेक कण बाहेर पडतो आणि डब्यातल्या सगळ्या दगडांवर ओरखडे काढतो. चांगला माल बेसाल्टच्या पोकळ्यांतच तयार होतो: अकीक, गारगोटी. पावसाळ्यानंतर नांगरलेल्या रानात, बांधावर, ओढ्याच्या पात्रात बघा. दुधट, मेणासारखा, कडेला उन्हात धरला की किंचित पारदर्शक वाटणारा खडा उचला आणि चाकूच्या टोकाने ओरखडा काढा. ओरखडा पडला तर तिथेच टाकून द्या, तो कॅल्साइट किंवा झिओलाइट असणार. कॅल्साइटवर लिंबू पिळलं तर बारीक फेसही येतो. असले मऊ दगड अकिकाबरोबर टाकले तर महिन्याने त्यांचा गाळच निघतो. दगड फुकट मिळतात हे तेवढं मेसेजमधलं खरं. मात्र फोडायचे असतील तर ओले करून आणि तोंडाला मास्क लावून फोडा, ती धूळ फुप्फुसात कायमची बसते.

पाइपचा डबा चालतो, पण आतून गुळगुळीत असल्यामुळे दगड लोळण्याऐवजी अख्खे घसरतात. टायरच्या ट्यूबचा रबर आतून चिकटवा. आवाजही निम्म्यावर येतो. मागांच्या खडखडाटात वाढलेल्या आमच्या गल्लीत कोणी तक्रार केली नाही, पण बायकोने दुसऱ्या रात्री प्लास्टिकचा डबा गच्चीवर नेऊन ठेवला. डबा दोन तृतीयांश ते पाऊण भरायचा. अर्धा भरला की दगड आपटून टवके उडतात. आणि रोज एकदा झाकण सैल करून बघायचं, आत कधी कधी वायू साठतो.

मग घ्यायचं काय? भाच्याला मी सांगितलं ते असं: दीडेक किलोचा रबरी डबा, धातूची चौकट, आणि पट्टा व बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी) सुटे मिळतात की नाही हे आधी विचार. पैशांचे तीन वाटे कर. दोन यंत्राला, एक पावडरीला. सगळे पैसे यंत्रात घालून नंतर वाळूकडे वळणारे मी पाहिलेत. लहान मुलांच्या खेळण्यातला टंबलर मीही एकदा घेतला होता, आतले प्लास्टिकचे दाते तिसऱ्याच आठवड्यात गेले. थरथरणारा व्हायब्रेटरी प्रकार काम लवकर उरकतो, पण ओबडधोबड दगडाला गोलाई देत नाही, आणि महाग. सध्या नको.

हजाराला एक खडा? गुजरातेतल्या खंबायतमध्ये अकीक घासायचा धंदा पिढ्यान् पिढ्यांचा आहे. पूर्वी तिथे कातडी पिशवीत मणी, पाणी आणि घासायची पूड भरून दोन माणसं ती दिवसच्या दिवस इकडून तिकडे लोळवत. आता तिथे विजेचे ड्रम फिरतात. एवढा माल बाजारात असताना घरच्या दीड किलोला हजाराचा भाव कोण देणार?

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट. टप्पा बदलताना दगड आणि डबा स्वच्छ धुवावे लागतात, आणि तो राखाडी गाळ मोरीत ओतला तर पाइपात सिमेंटसारखा बसतो. बादलीत रात्रभर ठेवा. वरचं नितळ पाणी पुढच्या वेळी पहिल्या धुण्याला वापरा, आपल्याकडे नळाला रोज पाणी कुठे येतं? खालचा गाळ वाळवून कचऱ्यात. भाच्याने हे सगळं वाचून एवढंच विचारलं, "मामा, बादली कुठली घेऊ?"