सहा इंच रेती आणि एक फॉरवर्ड

नागपुरात खाऱ्या पाण्याचा रीफ टँक, म्हणजे मासे आणि जिवंत कोरल असलेला टँक, ठेवणारे मोजकेच. पण त्यातल्या बहुतेकांच्या फोनवर सध्या एकच मेसेज फिरतोय. मजकूर साधारण असा: ‘सहा इंच रेती टाका, नायट्रेट शून्य, पाणी बदलणं कायमचं बंद. समुद्रात कोण पाणी बदलतं? कन्हान नदीची रेती धुऊन घेतली तरी चालते. महिन्यातून एकदा ढवळा, नाहीतर खाली विषारी वायू साठून एका रात्रीत टँक साफ. रेती कॅल्शियम आणि पीएच आपोआप सांभाळते. वरून एक सँड स्टार (रेतीत राहणारा तारामासा) सोडा, साफसफाईची चिंता मिटली.’

याचं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. त्याच्या आडून बाकीचं सगळं खपून जातं.

अरॅगोनाइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची रेती. साखरेइतक्या बारीक अरॅगोनाइटचा दहा-पंधरा सेंटिमीटर थर, म्हणजेच सँड बेड, दिला की वरच्या पट्ट्यात ऑक्सिजन पोचतो. तिथले जिवाणू माशांच्या घाणीतून येणाऱ्या अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. त्याखाली ऑक्सिजन संपतो. तिथले जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरतात आणि शेवटी नायट्रोजन वायू बाहेर पडून हवेत जातो. म्हणजे नायट्रेट खरोखर उतरतं. मात्र त्याला आठवडे नव्हे, महिने लागतात, आणि शून्यावर येईल की नाही हे तुम्ही माशांना किती चारता यावर ठरतं.

‘पाणी बदलणं बंद’ हा मात्र शुद्ध आगाऊपणा. खाद्यातून नायट्रोजनसोबत फॉस्फरसही टँकमध्ये येतो, आणि त्याचा वायू होऊन तो उडून जात नाही. तो अरॅगोनाइटच्या कणांना चिकटतो. म्हणून सुरुवातीला टेस्ट किट झकास आकडे दाखवतं आणि मालक खूश असतो. कणांवरची जागा भरत आली की तोच फॉस्फेट पाण्यात राहू लागतो, काचेवर आणि खडकांवर शेवाळ चढतं, कोरलची वाढ मंदावते. समुद्र आपला फॉस्फरस तळाच्या गाळात गाडत जातो. त्यासाठी त्याच्याकडे हजारो मीटर खोली आणि लाखो वर्षं आहेत. तुमच्याकडे तीन फुटी काच आहे. तिथे फॉस्फरस बाहेर जातो तो स्किमरच्या (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राच्या) कपातून, कापून फेकलेल्या शेवाळातून, फॉस्फेट शोषणाऱ्या मीडियातून आणि बदललेल्या पाण्यातून.

नागपूरसाठी यात आणखी एक मुद्दा आहे. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो आणि हवा कोरडीठाक असते. त्यामुळे पाण्यावर नुसता पंखा सोडला तरी टँक दोन-तीन अंशांनी उतरतो. ही सोय आपल्याकडे आहे, मुंबईच्या दमट हवेत ती इतकी साधत नाही. पण वाफ होते ती फक्त पाण्याची, विरघळलेलं सगळं मागे राहतं. आटलेल्या जागी नळाचं, म्हणजे आपल्याकडे कन्हानचं नाहीतर पेंचचं पाणी ओतत राहिलात तर त्यातले क्षार आणि सिलिकेट बादलीमागून बादली साचत जातात. पाणी न बदललेला टँक म्हणजे उन्हाळाभर आटवत ठेवलेला काढा. घरचा आरओ आहे म्हणून निश्चिंत राहू नका. बऱ्याच आरओंमध्ये टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो चवीसाठी मेम्ब्रेनमधून न गेलेलं पाणी मिसळतो. टीडीएस मीटर लावून बघा. आटलेल्या जागी भरायच्या पाण्याचा आकडा शून्याजवळ हवा.

आता कन्हानची रेती. स्लॅब टाकायला उत्तम. ती मुख्यतः क्वार्ट्झची असते आणि क्वार्ट्झ म्हणजे काही विष नाही, तेवढं श्रेय देऊ. अडचण कणांची आहे. बांधकामाची रेती जाडसर आणि कमी-जास्त आकाराची असते. कणांमधल्या मोठ्या फटींत माशांची घाण उतरते आणि तिथेच सडत राहते. शिवाय बारीक किडे आणि कॉपेपॉड (कोळंबीच्या जातकुळीतले अगदी बारीक जीव) जाड, धारदार कणांत नीट वसत नाहीत. त्यांच्याशिवाय सँड बेड म्हणजे नुसता ढिगारा. चुंबक फिरवून बघा. काळे कण चिकटले तर ते लोहखनिज आहे, पंपाचं चुंबक ते ओढून घेतं. कोकणात फिरायला गेल्यावर किनाऱ्यावरची पिशवीभर वाळू आणू म्हणणारेही भेटतात. त्यात काय मिसळलंय ते कळायला मार्ग नसतो. आणि कोरलचे तुकडे उचलणार असाल तर खडक बांधणारी सगळी कोरलं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

सहा इंचांचा हिशेबही मेसेज पाठवणाऱ्याने केलेला दिसत नाही. तीन फूट बाय दीड फूट तळावर सहा इंच म्हणजे साधारण साठ लिटर जागा आणि नव्वद किलोच्या आसपास कोरडी रेती. दीड फूट उंचीच्या टँकचा एक तृतीयांश भाग तिथेच संपला. स्टँड आणि स्लॅब दोन्ही तपासा. मला विचाराल तर एवढी रेती सम्पमध्ये (टँकला जोडलेल्या खालच्या टाकीत) नाहीतर वेगळ्या डब्यात ठेवून वरून पाणी वाहतं ठेवावं. काही बिघडलं तर डबा वेगळा काढता येतो.

सगळ्यात घातक सल्ला आहे ढवळण्याचा. नायट्रेट संपतं तिथे काही जिवाणू सल्फेटकडे वळतात. समुद्राच्या पाण्यात सल्फेट लिटरमागे अडीच ग्रॅमहून जास्त असतं, त्याला तोटा नाही. त्यातून हायड्रोजन सल्फाइड बनतं, लोहाशी जुळून ते काळं पडतं. काचेतून दिसणारी काळी रेघ म्हणजे सल्फाइड खाली बांधलं गेलंय. वर सरकणारा थोडाफार वायूही ऑक्सिजनच्या पट्ट्यात येता येता संपतो. त्या थराला हात लावला नाही तर तो कुणाचं काही बिघडवत नाही. दर महिन्याला ढवळलं तर मात्र तेच सल्फाइड आणि साचलेली घाण एका फटक्यात माशांच्या श्वासात जाते, आणि नायट्रेट खाणाऱ्या जिवाणूंचं घरही मोडतं. ज्या अनर्थाची भीती घातली, तो घडवायची कृती त्याच मेसेजमध्ये दिली आहे! जुना बेड काढायचाच असेल तर आधी सगळे जीव दुसऱ्या भांड्यात हलवा.

आपल्याकडे खरी भीती दुसरी आहे. एप्रिल-मेच्या अवकाळी वादळात वीज गेली की पंप थांबतो आणि पाणी तापायला लागतं. गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो. त्यात सहा इंच रेतीतले किडे आणि जिवाणू त्याच पाण्यातून ऑक्सिजन घेत राहतात. मासे वर येऊन तोंड मारू लागतात ते बहुतेक वेळा याच कारणानं. खोल बेड करणाऱ्यानं आधी बॅटरीवरचा एअर पंप घ्यावा.

कॅल्शियम-पीएचबद्दल फार बोलायची गरज नाही. टँकचा पीएच ८ ते ८.३ असताना अरॅगोनाइट जवळपास विरघळतच नाही. खालच्या थरात पीएच उतरतो तिथे थोडं विरघळतं, पण कडक कोरलांची भूक त्यावर भागत नाही. अल्कलिनिटी (पाण्यातला कार्बोनेटचा साठा) मोजा आणि डोसिंग करा, म्हणजे जे कमी पडतं ते मोजून घाला.

राहिला सँड स्टार. तो रेती साफ करत नाही, रेतीतले किडे, गोगलगायी, कॉपेपॉड खातो, म्हणजे जे जगवायला बेड केला तेच. छोट्या टँकमधलं हे खाद्य काही महिन्यांत संपतं आणि तारा उपाशी मरतो. बरेचदा रेतीत पुरलेला असतानाच, त्यामुळे कळतं ते टेस्ट किटवर अमोनिया दिसल्यावर. घाण उचलायला नॅसॅरियस गोगलगायी सोडा, आणि जिवंत किड्यांसाठी जुना टँक असलेल्या ओळखीच्या माणसाकडून वाटीभर रेती मागून आणा.