सहा दिवस कुलूप लागलेलं चर्च आणि पाचवीतलं पोर

मागच्या वर्षीची गोष्ट. जून महिना. रविवारची उपासना संपली आणि शब्बाथ शाळेच्या (रविवारी चर्चमध्ये मुलांसाठी भरणाऱ्या वर्गाच्या) पाठांतर स्पर्धेत एका मुलाने बायबलमधलं तेविसावं स्तोत्र म्हटलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, कुठेही न अडखळता. सगळ्या मंडळीने टाळ्या वाजवल्या, पाळकसाहेबांनी पाठ थोपटली. शब्बाथ शाळा मी घेते, म्हणून बक्षीस माझ्या हातून दिलं गेलं, लहान आकाराचं पवित्र शास्त्र. देताना मी सहज म्हणाले, "आता यातलं कुठलंही एक पान वाचून दाखव बरं."

त्याने पान उघडलं. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि सुरू झाला. बोट सरकत होतं, ओळ संपली की खालच्या ओळीवर येत होतं, आवाज खणखणीत. पण तोंडात तेविसावं स्तोत्रच होतं. समोर उघडलेलं पान मत्तयाच्या शुभवर्तमानाचं होतं, पहिल्या अध्यायातल्या वंशावळीचं. नुसती नावंच नावं.

कुणाच्या लक्षात आलं नाही. मी त्याच्याजवळ बसले होते म्हणून मला दिसलं. त्या दुपारी मला जेवण गेलं नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, एकवीस वर्षं झाली. (तो मुलगा माझ्या शाळेत नाही. माझी शाळा दोन गावं पलीकडे आहे.) म्हणजे वाचता न येणारं मूल ओळखणं हे माझं रोजचं काम. आणि हाच मुलगा सहा वर्षं दर रविवारी माझ्यासमोर सतरंजीवर बसत होता. सहा वर्षांत मी त्याला गाणी शिकवली, वचनं पाठ करून घेतली, नाताळच्या नाटकात मेंढपाळ केलं. एकदाही त्याच्यापुढे पुस्तक उघडून "वाच" म्हटलं नाही. वाचन शाळेत होतं आणि चर्चमध्ये देवाचं होतं, असं मी मनात वाटून ठेवलं होतं.

त्याच्या शाळेला मी दोष देणार नाही. पाच वर्ग, दोन शिक्षक. त्यातला एक कधी मतदार यादीच्या कामाला, कधी ऑनलाइन माहिती भरायला, कधी केंद्रावर मीटिंगला. उरलेला एक जण पाचही वर्ग सांभाळतो, पोषण आहाराची नोंद करतो, आणि त्यातच पहिलीच्या पोरांना बाराखडी शिकवतो. पाचवीतलं शांत पोर अशा वर्गात सहज लपतं. फळ्यावरचं वहीत उतरवायचं, बाकीच्यांच्या सुरात सूर मिसळून धडा म्हणायचा. त्याची वही बघितली तर अक्षर सुंदर आहे. वाचायला मात्र येत नाही.

आणि हे एकट्या आमच्या गावाचं नाही. 'असर'चं सर्वेक्षण कसं होतं हे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. कार्यकर्ते घरी जातात, मुलाला एकट्याला समोर बसवतात आणि एक कागद देतात. अक्षरं, शब्द, छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. बस, एवढंच. २०२२ मध्ये ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी ती दुसरीची गोष्ट वाचणारी ४२.८ टक्के होती. २०२४ मध्ये ४८.८ झाली. सुधारणा आहे आणि ती सरकारी शाळांमध्येही झाली आहे, हे मी अभिमानाने सांगते. तरी निम्म्याहून जास्त मुलं अजून त्या गोष्टीच्या अलीकडेच उभी आहेत.

मग माझ्या मनात एकच प्रश्न घोळत राहिला. आमचं चर्च सोमवार ते शनिवार कुलूपबंद असतं. आत चार पंखे आहेत, ट्यूबलाइट आहेत, सतरंज्या आहेत, फळासुद्धा आहे. आणि चर्चच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर वाचता न येणारी मुलं राहतात. हे कसं काय आपल्याला चालतं?

शब्बाथ शाळा कशासाठी सुरू झाली, हे आपण विसरलोय. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरला १७८० मध्ये रॉबर्ट रेक्स यांनी ती चालवायला घेतली, ती कामावर जाणाऱ्या गरीब मुलांसाठी. सहा दिवस मजुरी, रविवार तेवढा मोकळा. म्हणून रविवारी शाळा. तिथे आधी वाचायला शिकवत. पाठांतराची ढाल आणि पेन्सिलींचा डबा हे सगळं मागून आलं.

आणि आपल्या नगरचं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचं, तर काय सांगावं! अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये इथे ठाणं केलं. सिंथिया फरार नावाची बाई १८२७ मध्ये मुंबईत उतरली, मुलींच्या शाळांसाठी खपली, पुढे नगरला आली आणि १८६२ मध्ये इथेच वारली. तिच्याच हाताखाली सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं. पण त्याच्याही आधी काय झालं होतं? जोतीरावांनी त्यांना घरी अक्षरं शिकवली होती. आधी घर, मग मिशनची शाळा, आणि १८४८ पासून भिडे वाड्यात त्यांनी दुसऱ्यांच्या मुलींना शिकवलं. लक्ष्मीबाई टिळक कधी शाळेत गेल्या नाहीत, नवऱ्याकडून घरीच अक्षरं शिकल्या आणि पुढे मराठीला त्यांनी काय दिलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. माझी आजी अशीच. लग्न होऊन आल्यावर मंडळीतल्या बायबल बाईंकडून, म्हणजे घरोघर जाऊन शास्त्र वाचून दाखवणाऱ्या बाईंकडून, वाचायला शिकली. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिथे दोरा बांधलेला, आणि बोट ओळीखालून हळूहळू सरकायचं. ते बोट मी लहानपणापासून पाहिलंय. त्या मुलाचं बोट तसंच सरकत होतं, म्हणूनच मला जास्त लागलं.

आता मी जे म्हणणार आहे ते आपल्यातल्या काही जणांना आवडणार नाही. ज्या समाजाने या जिल्ह्यात मुलींच्या हातात पाटी दिली, तो समाज आज तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या प्रवेशाच्या रांगेत उभा राहून मोकळा झालाय. ज्याला फी परवडते तो जातो. राहतात ती ऊसतोडीला कोयत्यावर जाणाऱ्यांची, शेतमजुरांची मुलं, आणि ती जिल्हा परिषदेत असतात. मंडळीच्या सभेत शिक्षणाचा विषय निघाला की "आपली स्वतःची शाळा काढू" असं कुणीतरी म्हणतंच. काढून काय होणार? तिलाही फी लागणार, आणि हीच पोरं पुन्हा बाहेर राहणार. शाळा आहे. सरकारने दिलेली आहे, मोफत आहे, गावात आहे. तिला माणसांचा हात कमी पडतोय.

म्हणून जुलैपासून आम्ही शनिवारी दुपारी चारला चर्च उघडायला लागलो. एक तास. गावातलं कुठलंही मूल. पुस्तक बालभारतीचं. एका मोठ्या माणसासमोर तीन मुलं, त्याहून जास्त नाही. प्रत्येकाने मोठ्याने वाचायचं आणि मोठ्या माणसाने फक्त ऐकायचं. अडलं तर लगेच सांगायचं नाही, मनात पाचपर्यंत मोजायचं. हे सगळ्यात अवघड गेलं. आमच्या तरुण संघाच्या पोरांना तर धीरच निघेना, मूल अडखळलं की पटकन शब्द सांगून मोकळे! त्यांना आधी गप्प बसायला शिकवावं लागलं.

पहिल्याच महिन्यात दोन्हीकडून ऐकून घ्यावं लागलं. गावातून कुजबुज आली, "शिकवण्याच्या नावाखाली बाटवायचं चाललंय." आणि मंडळीतून एका वडीलधाऱ्यांनी विचारलं, "ताई, त्या तासाला प्रार्थना नाही, वचन नाही, मग मंडळीला याचा उपयोग काय?" दोघांनाही मी एकच उत्तर दिलं. त्या तासाला प्रार्थना होणार नाही. दार उघडं असेल, कुणीही पालक येऊन शेजारी बसावं. आपल्या राज्यघटनेच्या कलम २८ ने पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण नको म्हटलंय, आणि शिक्षिका म्हणून मला ते मनापासून पटतं. चर्च ही सरकारी शाळा नाही, तिथे कायद्याची आडकाठी नाही, हे मलाही कळतं. पण शेजाऱ्याचं मूल वाचायला म्हणून आपल्या दारात आलं, तर त्याला वाचनच द्यायचं. त्याबरोबर दुसरं काही गुपचूप दिलं तर ती त्याच्या आईबापांची फसवणूक आहे. माझ्या विश्वासात फसवणुकीला जागा नाही. त्या वडीलधाऱ्यांना हे सगळं पटलं असं मी म्हणणार नाही. पण चावी त्यांच्याकडेच असते, आणि शनिवारी पावणेचारला ते दार उघडून जातात.

आता घराचं. "बाई, आम्ही अडाणी, आम्ही काय शिकवणार?" हे वाक्य मी एकवीस वर्षं ऐकते आहे आणि ते मला कधीच पटलेलं नाही. शाळापूर्व तयारीच्या अभियानात माता गट केले होते तेव्हा पाहिलंय मी, ज्या बाईला सही येत नव्हती ती आयडिया कार्डावरच्या चित्रावरून पोराकडून धान्य निवडून गट करून घेत होती, सगळ्यांत नीट.

त्याच मुलाची आजी बघा. आई-बाप दिवाळीनंतर टोळीबरोबर निघतात ते पाडव्याच्या आसपास परत येतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, थांबून चालत नाही. पोर आजीजवळ. आजीकडे एक गाय. सकाळी डेअरीवर दूध घालायला हाच जातो आणि पावती आणतो. लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक), दर, रक्कम. एका शनिवारी गणिताच्या पुस्तकात प्रश्न होता, ६.४ मोठे की ६.२५? तो म्हणाला ६.२५, कारण पंचवीस चारापेक्षा मोठे. पाचवी-सहावीची बरीच मुलं हेच म्हणतात. आजी कोपऱ्यात बसली होती. तिला मी विचारलं, "मावशी, सव्वासहा लिटर दूध जास्त, की साडेसहाला जरा कमी असलेलं?" ती हसली, "आता हे काय विचारणं झालं?" मग मी पोराला सांगितलं, ६.२५ म्हणजे सव्वासहा, आणि ६.४ म्हणजे साडेसहाला जरा कमी. त्याने आजीकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं, आणि स्वतःच खोडून पुन्हा लिहिलं. आता तो रोजची पावती स्वतः तपासतो. ६.४ लिटर, दर ३१, झाले १९८ रुपये ४० पैसे. आजी तोंडी ताळा करते. दशांश अपूर्णांक शिकवायला याहून चांगलं साधन मला माझ्या शाळेच्या कपाटात सापडलेलं नाही.

शिकवणी लावायला पैसे लागतात. ऐकायला लागत नाहीत. भाकरी थापताना आईने म्हणावं, "मोठ्यानं वाच, मला ऐकू दे." वाक्य तुटलं की तिला कळतं, अर्थ लागला नाही की कळतं, कारण भाषा तिची आहे. अक्षरओळख नसली म्हणून कान थोडेच अडाणी असतात?

आणि आणखी एक जागा आहे जिथे घरच्यांनी बसायला हवं, शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश पालक सांगितलेत आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या. प्रत्यक्षात कितीतरी ठिकाणी सह्यांची वही घरोघर फिरते. मीसुद्धा फिरवली आहे, नाकारत नाही. आमच्या मंडळीतल्या तीन बायका यंदा त्या समितीवर आहेत. पहिल्या सभेत त्यांनी एकच विचारलं, "पाचवीतल्या किती जणांना गोष्ट वाचता येते?" मुख्याध्यापकांनी राग धरला नाही. पुढच्या सभेत आकडा कागदावर आणला, आणि जी मुलं मागे होती त्यांची नावं आम्हाला शनिवारसाठी दिली. शाळेला कुणी जाब विचारणारं हवं असतं तसं शाळेच्या बाजूने उभं राहणारंही हवं असतं, हे त्या खोलीत दोन्हीकडच्यांना कळलं.

तो मुलगा डिसेंबरमध्ये शब्द वाचायला लागला, फेब्रुवारीत उतारा. जोडाक्षरं अजून अडतात. "स्तोत्र" हा शब्द त्याला तोंडाने वर्षानुवर्षं येत होता, तो कागदावर कसा दिसतो हे कळायला त्याला तीन शनिवार लागले. अर्धा स, त्याला चिकटलेला तो, मग त्र. कळलं तेव्हा तो म्हणाला, "हाच का तो?" रात्री आठच्या सुमारास गाडी भरून झाली की आईचा फोन येतो. तिला तो रोज एक परिच्छेद वाचून दाखवतो. आजी सांगते, आई मध्येच म्हणते, "हे परत म्हण," आणि तो परत म्हणतो.

पुढच्या महिन्यात मंडळीची वार्षिक सभा आहे. नव्या साउंड सिस्टीमचा विषय आहे, मला माहीत आहे. मी त्याच सभेत शनिवारच्या तासाचा खर्च मांडणार आहे. वीजबिलाचा वाटा, दोन सतरंज्या, पहिली ते पाचवीच्या भाषेच्या पुस्तकांचे दहा-दहा जादा संच, आणि गोष्टींची पुस्तकं ठेवायला एक कपाट. दिवाळीनंतर पुन्हा टोळ्या निघतील, तेव्हा गावात उरलेल्या मुलांसाठी हा तास शनिवारचा एक न राहता आठवड्याचे तीन व्हावेत असं मला वाटतं. त्यासाठी मला नऊ माणसं हवीत. सध्या पाच आहेत. आसपासच्या गावातलं कुणी वाचत असेल, कुठल्याही धर्माचं, मला कळवा. वाचता यायला हवं, आणि पाचपर्यंत मोजायचा धीर हवा.