थोडक्यात लिहा

शोधनिबंधाच्या पहिल्याच पानावर लेखकाने स्वतःच आपला सारांश देऊन ठेवलेला असतो. मग मी सारांश कशाचा लिहायचा, हे आमच्या नैतिक फॅशनच्या, म्हणजे कामगारांना आणि निसर्गाला न पिळता कपडे कसे बनवावेत याच्या अभ्यासक्रमात मला अजून कुणी सांगितलेलं नाही. वरचा उतरवला तर चोरी पकडणारं सॉफ्टवेअर लाल होतं. न उतरवावा तर आतली तीस पानं वाचावी लागतात. म्हणून लेखकाने बऱ्या इंग्रजीत जे सांगितलंय तेच आपण वाईट इंग्रजीत सांगायचं, तीनशे शब्दांत, रविवारी रात्रीच्या आत.

वाचन चालतं इंदूरच्या रामबागेतल्या घरी, जेवणाच्या टेबलावर. आतल्या खोलीत झोप लागते; इथे निदान आई झोपू देत नाही. "एवढं काय लिहिलंय गं त्यात?" म्हणून तिने विचारलं, आणि मी सांगून बसले की एका सुती टी-शर्टमागे साधारण २७०० लिटर पाणी लागतं. हा आकडा निबंधानिबंधात असतो. जो तो दुसऱ्याच्या निबंधातून उचलतो आणि पुढे देतो. आईने मात्र तो ताबडतोब टाक्यांत मोजला. इंदुरात नर्मदेचं पाणी येतं एक दिवसाआड, आणि आमची टाकी हजाराची. "म्हणजे पावणेतीन टाक्या!" तेव्हापासून दादा नवा टी-शर्ट घालून दिसला की ती आधी त्याच्याकडे आणि मग नळाकडे बघते.

मला निबंधातला 'मर्यादा' हा भाग फार आवडतो. वीस पानं ठणकावून बोललेला माणूस इथे हळूच कबूल करतो, की आम्ही विचारलं ते आमच्याच विद्यापीठातल्या मुलामुलींना. नैतिक कपड्यांसाठी जास्त पैसे मोजू असं ती मुलं म्हणाली. मोजले की नाही ते आम्ही पाहिलेलं नाही. बोलणं आणि वागणं यांतल्या या दरीवर ढिगाने लिहिलं गेलंय. इथल्या शीतलामाता या कपड्यांच्या बाजारात तासभर उभं राहिलं असतं तरी भागलं असतं, पण तिथे तळटीपा मिळत नाहीत.

सगळंच हसण्यावारी नेता येत नाही. ढाक्याजवळ सावरला राणा प्लाझा ही आठ मजली इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली. ११३४ माणसं गेली. आदल्या दिवशी तडे दिसले होते. खालची बँक बंद राहिली, वरच्या शिलाई कामगारांना मात्र कामावर बोलावलं गेलं. माझ्या पुढ्यातल्या निबंधात याला 'बहुस्तरीय पुरवठा साखळीतील नियमनाची उणीव' म्हटलं होतं. शब्द कापत कापत तीनशेवर आले तेव्हा साखळी शिल्लक होती आणि माणसं गळाली होती. ती मी परत घातली. सॉफ्टवेअरने नेमकं तेच वाक्य लाल केलं. बरोबरच आहे, तो आकडा आधी कितीतरी जणांनी लिहिलाय.

सेंद्रिय कापसावरच्या निबंधात 'इंदूर पद्धत' असे शब्द दिसले आणि मी ताठ बसले. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ १९२४ पासून आपल्याच गावात कापसाच्या संशोधनासाठी होते. इथेच त्यांनी काडीकचरा आणि शेणापासून कंपोस्ट करण्याची पद्धत बसवली. १९३१ साली ती पुस्तकात आली आणि इंदूरच्या नावाने जगभर गेली. मी दोन परिच्छेद भरून लिहिलं. शेरा आला, 'विषयाला सोडून'. बाबांना तो फार लागला. "गावाचं नाव आलंय आणि म्हणे विषयाला सोडून! कुठला आहे हा मास्तर?"

म्हणूनच, नमुना सर्वेक्षण करून पाहा असं सांगितल्यावर मी बाबांनाच धरलं. दहा प्रश्न, एक ते पाचमधला आकडा सांगायचा, संपलं. पण आधी संमतीपत्र होतं, आणि बाबा निवृत्त झालेत बँकेतून. त्यांनी चष्मा पुसला.

"माहिती सुरक्षित ठेवली जाईल. कुठे?"

"कॉम्प्युटरवर, बाबा."

"कुणाच्या ताब्यात? आणि 'सहभागी केव्हाही माघार घेऊ शकतो' म्हणजे लेखी अर्ज द्यायचा की तोंडी?"

"तुम्ही सही करा ना."

"अशी कशी करा? साक्षीदाराची जागाच नाहीये यात."

शेजारच्या काकांना बोलावणं गेलं. तेही बँकेतलेच. त्यांनी पहिल्यापासून सगळं वाचलं, मध्ये चहा झाला, शेव झाली, दोन स्वल्पविराम दुरुस्त झाले. मग कागद उलटा करून त्यांनी मागची कोरी बाजू पाहिली आणि मला विचारलं, "पोरी, जामीनदार कोण राहणार?"